व्हीएफडीला ब्रेकर किती आणि केबल कुठली? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वर्कशॉपवाले, पॅनल बनवणारी पोरं, आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले वायरमन आणि विहिरीवर ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे फ्रीक्वेन्सी बदलून मोटारीचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) बसवणारे शेतकरी असे सगळेच हे प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरंही तशीच सरमिसळ आहेत. आकडे आपल्याकडच्या ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ सप्लायचे. केबलचे जे अँपिअर दिलेत ते पीव्हीसी केबलचे, हवेत, ४० डिग्रीला, अंदाजे. घेताना कंपनीचा चार्ट बघायचाच.

१० एचपीची मोटार आहे, ड्राइव्हच्या आधी ब्रेकर किती अँपिअरचा लावू?

आधी एचपी विसरा. ड्राइव्ह लावला की ब्रेकर मोटारीवरून निघत नाही, ड्राइव्हच्या इनपुट करंटवरून निघतो, आणि तो आकडा ड्राइव्हच्या नेमप्लेटवर किंवा मॅन्युअलच्या टेबलात छापलेला असतो. ७.५ किलोवॅटच्या (म्हणजे १० एचपीच्या) ज्या साध्या ड्राइव्हना आत चोक (करंटचे झटके मंदावणारी कॉइल) नसतो त्यांच्या टेबलात साधारण इनपुट २०.५, आउटपुट १७ असं काहीतरी दिसेल. मग ब्रेकर २०.५ च्या वरचा म्हणजे २५ चा, आणि मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त किती चालेल ते लिहिलेलं असतं त्याच्या आत. बहुतेक जण मॅन्युअलमधला तो जास्तीत जास्तचा आकडा, समजा ४० आहे, तोच उचलतात आणि केबल मात्र २० अँपिअरची ओढतात, तिथे खरी गडबड होते.

तीन आकडे एका ओळीत लावून बघा: लोडचा करंट, त्याच्यावर ब्रेकरचं रेटिंग, त्याच्यावर केबलची क्षमता. ब्रेकर मधे बसला पाहिजे. केबल ब्रेकरपेक्षा लहान असेल तर त्या ब्रेकरचा उपयोग फक्त चालू-बंद करायला, कारण ब्रेकर केबलसाठी असतो, मोटारीसाठी नाही. मोटारीचा ओव्हरलोड ड्राइव्ह स्वतः बघतो, फक्त त्याच्यात मोटारीचा नेमप्लेट करंट भरलेला पाहिजे. हे पॅरामीटर न भरता ड्राइव्ह चालू करून दिलेले किती सापडतात विचारू नका. ७.५ किलोवॅटची मोटार साधारण १४ अँपिअर घेते आणि ड्राइव्ह फॅक्टरी सेटिंगवर १७ धरून बसलेला असतो, म्हणजे मोटार तापली तरी ड्राइव्हला पत्ताच नाही.

पण याच मोटारीला डीओएल स्टार्टरवर आम्ही ४० चा लावायचो, आता २५ कसा पुरेल?

डीओएलवर, म्हणजे थेट लाइनवर टाकणाऱ्या स्टार्टरवर, मोटार चालू होताना फुल लोडच्या ६-७ पट करंट खेचते, १४ ची मोटार ८५-१०० अँपिअरपर्यंत जाते आणि पंप स्पीड घेईपर्यंत काही सेकंद तिथेच राहते, म्हणून ब्रेकर मोठा ठेवावा लागायचा. ड्राइव्ह शून्यापासून हळूहळू फ्रीक्वेन्सी वाढवत नेतो, आउटपुटला हेवी ड्युटीत साधारण १५० टक्के एक मिनिट आणि पंप-फॅनच्या नॉर्मल ड्युटीत ११०-१२० टक्के, त्याच्या वर तो जाऊच देत नाही. सुरुवातीला फ्रीक्वेन्सी कमी असते तेव्हा इनपुटला तर अजूनच कमी दिसतं. स्टार्टिंगसाठी जी जागा सोडायचो ती सोडायची गरज संपली.

एकच धक्का उरतो, तो म्हणजे सप्लाय देताना आतले कपॅसिटर चार्ज होतात तो. ड्राइव्हमध्ये त्यासाठी प्रीचार्ज रेझिस्टर असतो. म्हणूनच ड्राइव्ह ब्रेकरने किंवा इनपुट कॉन्टॅक्टरने सारखा चालू-बंद करायचा नाही, तो रेझिस्टर जळतो. चालू-बंद स्टार्ट-स्टॉप टर्मिनलवरून करा.

इनपुट करंट मोटारीपेक्षा जास्त कसा? क्लॅम्प मीटरवर तर कधी कमी पण दिसतो.

दोन्ही खरं आहे आणि हे एकदा नीट समजून घेतलं की अर्धे प्रश्न सुटतात.

७.५ किलोवॅटची मोटार धरा, एफिशियन्सी ८९ टक्के, म्हणजे तिला वीज लागते सुमारे ८.४ किलोवॅट, ड्राइव्हचा स्वतःचा लॉस धरून ८.७. मोटारीचा जो १४ अँपिअर असतो त्यात मॅग्नेटायझिंग करंटही असतो, पण तो भाग ड्राइव्हच्या आतले कपॅसिटर पुरवतात, लाइनवरून फक्त खरी पॉवर येते. ८.७ किलोवॅटला ४१५ व्होल्टवर १२ अँपिअरच लागतात. इथपर्यंत इनपुट कमी.

आता गंमत अशी की डायोड ब्रिज (एसीचं डीसी करणारा ड्राइव्हचा पहिला भाग) लाइनमधून सरळ साइन वेव्ह घेत नाही, टोकाटोकाला झटके मारत घेतो, त्यातून पाचवं, सातवं असे हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाचपट, सातपट फ्रीक्वेन्सीचे करंट) तयार होतात. चोक नसेल तर डिस्टॉर्शन ८० टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं, मग आरएमएस करंट (तापवण्याच्या हिशोबाने खरा करंट) १.२८ पट म्हणजे साडेपंधरा. डीसी चोक किंवा लाइन रिअॅक्टर लावला की डिस्टॉर्शन ३५-४० टक्क्यांवर येतं आणि करंट १३ च्या आसपास. केबल आणि ब्रेकर तापतात ते आरएमएसवर. साधा अॅव्हरेजिंग क्लॅम्प मीटर असला झटक्यांचा करंट कमी दाखवतो, तेव्हा ट्रू आरएमएसवालाच वापरा.

मॅन्युअलमधला २०.५ यापेक्षा मोठा दिसतो कारण तो ड्राइव्ह पूर्ण १७ अँपिअर देतोय, व्होल्टेज कमी आहे, असं वाईटात वाईट धरून छापलेला असतो. आणि व्होल्टेजचं विसरू नका. मोटारीला तेवढीच पॉवर द्यायची असेल आणि लाइन ३५० व्होल्टवर आली तर ड्राइव्ह करंट वाढवून घेतो, साडेपंधराचा सव्वाअठरा-साडेअठरा होतो. उन्हाळ्यात गावाकडे संध्याकाळी ३५० दिसणं काही नवल नाही. म्हणून मोजलेल्या १३ वर १६ चा ब्रेकर लावून पैसे वाचवू नका.

माझं मत विचाराल तर ५ एचपीच्या वर चोकाशिवाय ड्राइव्ह घेऊच नये. चोकाचे पैसे केबलमध्ये आणि ड्राइव्हच्या आयुष्यात वसूल होतात.

बी, सी की डी कर्व्ह?

बहुतेक ठिकाणी सी. हे अक्षर ब्रेकर त्याच्या रेटिंगच्या किती पट करंटला झटक्यात ट्रिप होतो ते सांगतं: बी कर्व्ह ३ ते ५ पटीला लगेच ट्रिप होतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. प्रीचार्ज असलेल्या ड्राइव्हला सी आरामात पुरतो. एका ब्रेकरवर चार-पाच छोटे ड्राइव्ह एकदम चालू होत असतील किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर डीचा विचार करा.

"डी लावला की कटकटच नाही" असं दुकानदार सांगतात. शेतावर तर डी लावायच्या आधी एक हिशोब कराच. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) विहीर २५० मीटर, १० स्क्वेअर एमएम तांब्याची केबल. तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स धरा किलोमीटरला २.२ ओहम. जायचे २५० आणि यायचे २५० मिळून १.१ ओहम. विहिरीवर दोन फेज एकमेकांना चिकटले तर ४१५ भागिले १.१ म्हणजे जेमतेम ३७५ अँपिअर, तेही डीपीचा आणि मागच्या लाइनचा रेझिस्टन्स शून्य धरून. डी कर्व्हच्या ३२ च्या ब्रेकरला झटक्यात ट्रिप व्हायची खात्री हवी असेल तर ६४० लागतात. मिळणारच नाहीत. तो ब्रेकर थर्मलवर (आतली बायमेटल पट्टी तापून) रेंगाळत, काही सेकंद घेत ट्रिप होईल आणि तेवढ्या वेळात तिकडे केबलचं जे व्हायचं ते होऊन जाईल. सी कर्व्हच्या २५ ला २५० पुरतात.

हे झालं दोन फेजचं. फेज बॉडीला लागला तर व्होल्टेज २४० च आणि परतीचा रस्ता अर्थिंगचा. अर्थिंगची वायर केबलबरोबर तेवढ्याच साइजची परत नेली असेल तर २१८ अँपिअर, म्हणजे सी २५ ला सुद्धा खात्री नाही. आणि अर्थिंग फक्त विहिरीजवळच्या खड्ड्यातच सोडलं असेल, जे बहुतेक ठिकाणी असंच असतं, तर तिथला खड्डा आणि डीपीचा खड्डा मिळून १० ओहम धरले तरी करंट होतो २४ अँपिअर. २५ चा ब्रेकर २४ ला जन्मात ट्रिप होणार नाही, आणि मोटारीची बॉडी, पाइप, सगळं जिवंत राहणार. म्हणून शेतावर ब्रेकर कितीही चांगला असला तरी अर्थ लीकेजचं संरक्षण (आरसीसीबी) वेगळं लागतंच.

आरसीसीबी लावला की ड्राइव्ह चालू होताच ट्रिप होतो. काढून टाकू का?

काढू नका, बदला. ड्राइव्हच्या इएमसी फिल्टरमधून (विजेचा गोंगाट लाइनवर जाऊ न देणाऱ्या) आणि मोटारीच्या केबलच्या कपॅसिटन्समधून थोडा करंट कायम अर्थिंगला जात असतो, ३० एमए (मिलीअँपिअर) वाला तो सहन करत नाही. ३०० एमए घ्या. थ्री फेज ड्राइव्हला टाइप बी सांगितलेला असतो, कारण आत डीसी बसवर फॉल्ट झाला तर सपाट डीसी करंट वाहतो आणि टाइप एसी (फक्त एसी लीकेज ओळखणारा साधा) त्याने आंधळा होतो, म्हणजे नंतर खरा लीकेज आला तरी त्याला कळत नाही. टाइप बी महाग आहे हे मान्य. पण टाइप एसी लावून "ट्रिप होत नाही, मस्त चाललंय" म्हणणं हे त्याहून वाईट. घरातल्या ३० एमए च्या आरसीसीबीखाली ड्राइव्ह घेऊ नका, त्याची लाइन मेनपासून वेगळी काढा.

केबलची साइज कशी काढू? एकदा पूर्ण करून दाखवा.

तीच १० एचपी. इनपुट २०.५, त्याचे सव्वापट २५.६. तांब्याची ४ स्क्वेअर एमएम तीन कोर हवेत ४० डिग्रीला साधारण ३० अँपिअर नेते, ६ ची ३९, १० ची ५२. नुसतं बघितलं तर ४ पुरते. पण केबल जिथून जाते तिथे किती तापमान आहे? पत्र्याच्या शेडखालून, ट्रेमधून, जळगाव-चंद्रपूरच्या मे महिन्यात ५० धरा. ७० डिग्रीच्या पीव्हीसीला ४० वरून ५० ला गेलं की ०.८२ ने गुणायचं. ३० चे झाले २४.६. नाही पुरत. ६ ची ३९ वरून ३२ वर येते, ती पुरते आणि २५ चा ब्रेकरही तिच्या आत बसतो. एकाच ट्रेमध्ये चार केबल चिकटून असतील तर अजून कापायचं, मग १० घ्यावी लागेल. सव्वापट कशाला, असं विचारतात. ड्राइव्ह तासन्‌तास फुल लोडवर चालतो, हार्मोनिक असतात, व्होल्टेज पडतं, त्यासाठी ही मोकळीक. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये तर ड्राइव्हच्या इनपुट करंटच्या १२५ टक्के हा नियमच आहे.

अॅल्युमिनियम घ्यायची असेल तर १० स्क्वेअर एमएम सुमारे ४०, १६ ची ५१, २५ ची ७०. वरच्याच केससाठी १० अॅल्युमिनियम हवेत ५० डिग्रीला ३३ वर येते, म्हणजे चालेल.

विहीर लांब आहे, २५० मीटर. मग?

मग अँपिअर बाजूला राहतात, व्होल्टेज ड्रॉप ठरवतो. १५ अँपिअर धरून हिशोब केला:

तांबं ४ स्क्वेअर एमएम: ३६ व्होल्ट पडतात, जवळपास ९ टक्के.
तांबं ६: २४ व्होल्ट.
तांबं १०: १४ व्होल्ट, साडेतीन टक्के.
अॅल्युमिनियम १६: १५ व्होल्ट.
अॅल्युमिनियम २५: साडेनऊ.

मी ३-४ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, कारण डीपीवरच व्होल्टेज कमी असतं, त्यात केबलने अजून खाल्लं की ड्राइव्ह अंडरव्होल्टेजवर बंद पडतो, आणि पडला नाही तरी आत जेवढं येतं त्यापेक्षा जास्त बाहेर देऊ शकत नाही, ५० हर्ट्झ दाखवत राहील पण मोटार अर्धपोटी. शेतावर लोकं अॅल्युमिनियमच घेतात आणि त्यात चुकीचं काही नाही, तांब्याची केबल रात्रीत कापून नेतात हा अनुभव गावोगावी आहे. १६ किंवा २५ अॅल्युमिनियम आर्मर्ड, जमिनीत पुरून, वर विटा, हा चांगला मार्ग. फक्त कर्व्हच्या उत्तरातला फॉल्टचा हिशोब इथे पण करा, १६ अॅल्युमिनियमला फेज ते अर्थ २१० अँपिअरच मिळतात.

ड्राइव्ह घरी मीटरपाशी ठेवला आणि लांब केबल मोटारीकडे नेली तर? विहिरीवर चोरीची भीती आहे.

भीती खरी आहे, पण तांत्रिकदृष्ट्या उलटं बरं. लांब केबल इनपुटला ठेवा, आउटपुटला छोटी. ड्राइव्हच्या बाहेर साइन वेव्ह निघत नाही, सुमारे ५८० व्होल्टच्या डीसीचे चटचट तुकडे निघतात, सेकंदाला काही हजार. लांब केबलच्या टोकाला हे पल्स मोटारीवर आपटून परततात आणि मोटारीच्या टर्मिनलला दुपटीपर्यंत, म्हणजे ११००-१२०० व्होल्टचे टोक उभे राहतात. नव्या इन्व्हर्टर ड्युटी मोटारीला चालतं. गल्लीत दोनदा रिवाइंड केलेल्या मोटारीला नाही, तिचे पहिले काही फेरे आधी जातात. ५०-६० मीटरच्या वर गेलात तर आउटपुटला डीव्ही बाय डीटी फिल्टर (व्होल्टेजची चढ मंदावणारा), शंभराच्या वर साइन फिल्टर (पल्सची पुन्हा साइन वेव्ह करणारा). नक्की मर्यादा त्या ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये मीटरमध्ये दिलेली असते, आणि शील्डेड केबलला ती अजून कमी असते.

सबमर्सिबलवाल्यांना तर पर्यायच नाही, ३००-४०० फूट बोअर म्हणजे केबल तिथेच शंभर मीटर, शिवाय पाण्यातलं वाइंडिंग. तिथे साइन फिल्टर घ्याच, आणि ड्राइव्हची मिनिमम फ्रीक्वेन्सी ३० हर्ट्झच्या खाली ठेवू नका, खालच्या थ्रस्ट बेअरिंगला वंगण मिळत नाही. फिल्टरवर काही व्होल्ट पडतात ते पण ड्रॉपमध्ये धरा.

ड्राइव्ह ते मोटार केबलची साइज?

ड्राइव्हच्या आउटपुट रेटिंगवर, मोटारीच्या नाही, कारण उद्या कोणीतरी पॅरामीटर वाढवेल. मधे ब्रेकर नको. तीन फेज आणि अर्थिंग मिळून एक केबल, न्यूट्रल लागत नाही. शील्ड असेल तर दोन्ही टोकांना अर्थ करा, एका टोकाला नाही, शील्डची शेपटी पिळून लांब वायरने जोडली तर अर्धा उपयोग गेला. सेन्सरच्या आणि एनकोडरच्या वायरी त्याच पाइपमधून नेऊ नका.

आणि जुन्या मोटारीवर स्टार्टरच्या बॉक्समध्ये किंवा थेट टर्मिनलला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर लावलेला असतो ना, तो काढा. ड्राइव्ह बसवायच्या दिवशी पहिलं काम ते. आउटपुटला कपॅसिटर राहिला तर ड्राइव्ह पहिल्या सेकंदात ओव्हरकरंट दाखवेल, आणि नशीब वाईट असेल तर काहीच दाखवणार नाही, आयजीबीटी (आउटपुटचे इलेक्ट्रॉनिक स्विच) जाईल.

ड्राइव्ह बिघडला तर पाणी बंद पडू नये म्हणून बायपास ठेवायचाय.

ठेवा, पण मग वर सांगितलेलं बरंच मागे फिरतं. बायपासवर मोटार पुन्हा डीओएल किंवा स्टार-डेल्टा, म्हणजे पुन्हा स्टार्टिंगचा धक्का, डीओएलवर ८५-१०० अँपिअरचा, आणि ड्राइव्हचं मोटार संरक्षण नाही. तेव्हा बायपासच्या शाखेला वेगळा एमपीसीबी (मोटार संरक्षणाचा ब्रेकर) किंवा ब्रेकर अधिक ओव्हरलोड रिले, मोटारीच्या १४ वर सेट केलेला. दोन कॉन्टॅक्टरमध्ये मेकॅनिकल इंटरलॉक, कारण बायपासची लाइन ड्राइव्हच्या आउटपुटला उलटी घुसली की ड्राइव्ह संपला. केबलचा ड्रॉप स्टार्टिंग करंटवर तपासा, २५० मीटरवर डीओएलने मोटार उठेल का हा खरा प्रश्न असतो.

घरी सिंगल फेज आहे, छोट्या मशीनला सिंगल फेज इन, थ्री फेज आउट ड्राइव्ह लावतोय.

इथे लोकं सगळ्यात जास्त फसतात. आउटपुट तीन वायरीत वाटलं जातं, इनपुट दोनच वायरीत, त्यामुळे इनपुट दुप्पट किंवा जास्त. १.५ किलोवॅटला आउटपुट ७, इनपुट १४. २.२ किलोवॅटला आउटपुट १० च्या आत आणि इनपुट २३! घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर २.२ चा ड्राइव्ह लावायचा नाही. १४ ला डबल पोल सी २० आणि ४ स्क्वेअर एमएम, २३ ला सी ३२ आणि ६ स्क्वेअर एमएम, मेनपासून स्वतंत्र.

दुसरी गोष्ट मोटारीची. हा ड्राइव्ह २३०-२४० व्होल्टच देतो. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या मोटारी साधारण स्टारमध्ये ४१५ च्या असतात, सहा टोकं बाहेर असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करा, २४० वर नीट चालतील, करंट मात्र साडेतीनचा सहा होईल. ३ एचपी आणि वरच्या मोटारी मुळातच डेल्टामध्ये ४१५ च्या असतात, त्यांना या ड्राइव्हवर पूर्ण ताकद मिळत नाही, कितीही पॅरामीटर फिरवा.

असे तीन सिंगल फेज ड्राइव्ह तीन फेजवर वाटून दिले तर न्यूट्रल जाड घ्या, तिसऱ्या हार्मोनिकचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाहीत, बेरीज होतात.

तीन फेज नसताना दोन फेजवर ड्राइव्ह चालेल का?

फेज लॉसचं प्रोटेक्शन बंद केलं तर काही चालतात. पण तेवढ्याच लोडला दोन वायरीतला करंट १.७३ पट होतो, डीसी बसवर रिपल (व्होल्टेजचा चढउतार) वाढतं आणि कपॅसिटर तापतात. करायचंच असेल तर ड्राइव्ह दुपटीचा घ्या आणि ब्रेकर-केबल त्या वाढलेल्या करंटवर.

ब्रेकरवर १० केए, ३६ केए लिहिलेलं असतं त्याचं काय?

तो ब्रेकर जास्तीत जास्त किती शॉर्ट सर्किट करंट तोडू शकतो ते; केए म्हणजे हजार अँपिअर. ६३ केव्हीएच्या डीपीच्या टर्मिनलवरच शॉर्ट झाला तरी साधारण २ केए, म्हणून शेतावर १० केए चा एमसीबी (नेहमीचा छोटा ब्रेकर) भरपूर. एमआयडीसीत स्वतःचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल तर मेन पॅनलपाशी २५ केए च्या वर जातं, तिथे १० केए चा एमसीबी थेट बसबारवर लावणं धोक्याचं आहे, एमसीसीबी (जास्त केए तोडणारा मोठा ब्रेकर) घ्या. ड्राइव्हचं स्वतःचं पण शॉर्ट सर्किट रेटिंग असतं आणि ते ठराविक फ्यूज किंवा ब्रेकरबरोबरच दिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये सेमीकंडक्टर फ्यूज सांगितला असेल तर तो लावा. एमसीबी कितीही चपळ असला तरी त्याच्या आधी डायोड जातो. फ्यूज ड्राइव्ह वाचवेलच असं नाही, पण ड्राइव्ह फुटून पॅनलला आग लागणं टळतं.

एका ड्राइव्हवर दोन मोटारी?

चालतं, व्ही बाय एफ मोडमध्ये (व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी एका प्रमाणात ठेवणारा साधा मोड). ड्राइव्हला बेरीज दिसते, त्यामुळे प्रत्येक मोटारीला स्वतःचा ओव्हरलोड रिले किंवा पीटीसी (वाइंडिंगमधला तापमानाचा सेन्सर) हवा, आणि त्याचा कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या स्टॉपला. चालू असताना एक मोटार कॉन्टॅक्टरने तोडू-जोडू नका.

अर्थिंगची वायर फेजपेक्षा बारीक चालते ना?

ड्राइव्हला जपून. नेहमीचा लीकेज ३.५ एमए च्या वर असतो, म्हणून आयईसी ६१८०० मध्ये अर्थिंगची वायर किमान १० स्क्वेअर एमएम तांबं किंवा १६ अॅल्युमिनियम, नाहीतर दुसरी समांतर अर्थिंग वायर, असं सांगितलंय. मोटारीच्या बॉडीला दोन वेगळी अर्थिंग आपल्याकडे नियमानेच लागतात. साडेतीन कोर केबलचा अर्धा कोर अर्थिंगला वापरत असाल तर दुसरी वायर वेगळी न्या.

सगळं हिशोबाने घेतलं तरी उन्हाळ्यात दुपारी ब्रेकर ट्रिप होतो.

एमसीबी ३० डिग्रीला कॅलिब्रेट केलेला असतो, पॅनलमध्ये ५५ असेल तर २५ चा प्रत्यक्षात २१-२२ चा झालेला असतो. त्यात ड्राइव्ह स्वतः गरम हवा सोडतो आणि पॅनल बनवणाऱ्याने एमसीबी बरोबर त्याच्या डोक्यावर बसवलेला असतो. एमसीबी खाली किंवा बाजूला घ्या, एमसीबींमध्ये थोडी फट सोडा, फॅनची जाळी साफ करा, मग ट्रिप झालाच तर ३२ करा, केबल ६ असेल तरच.

पण ब्रेकर बदलायच्या आधी सप्लाय पूर्ण बंद करून टर्मिनल बघा. ड्राइव्हच्या बाबतीत बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबायचं, आत कपॅसिटर भरलेले असतात, डिस्प्ले विझला म्हणजे डीसी गेला असं नाही, मीटरने बघा. एमसीबीचं एकच टर्मिनल तपकिरी झालंय, त्या वायरचं इन्सुलेशन टोकाला कडक होऊन चकाकतंय, बाकीच्या दोन वायरी स्वच्छ आहेत, तर तुमचा प्रश्न रेटिंगचा नाही, लूज कनेक्शनचा आहे. ती उष्णता थेट ब्रेकरच्या बायमेटलला जाते आणि तो लोड कमी असताना पण ट्रिप होतो. लवचीक वायरचे तार सुटे सुटे टर्मिनलमध्ये कोंबलेले असतात, वर स्क्रू गच्च, आणि महिन्याभरात ढिला. पिन लग क्रिम्प करून लावा. अॅल्युमिनियम केबल थेट एमसीबीत नको, बायमेटल लग (अॅल्युमिनियम-तांबं जोडणारा) किंवा मधे टर्मिनल ब्लॉक, जेल लावून. जळालेल्या टर्मिनलचा ब्रेकर घासून परत वापरू नका, नवीन घ्या, आणि वायर तपकिरी भागाच्या मागून कापा.

सोलर पंपाच्या कंट्रोलरला घरात पडलेला एसी एमसीबी लावला तर?

नाही. सोलर कंट्रोलर म्हणजे पण ड्राइव्हच, फक्त त्याला पॅनलचा डीसी थेट येतो, पाच-सहाशे व्होल्ट आणि वर. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क विझते, डीसीत ती ताणली तरी जळत राहते, आणि एसी एमसीबी उघडताना आतल्या आत वितळतो. डीसी एमसीबी, पॅनल स्ट्रिंगच्या ओपन सर्किट व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टचा घ्या, हिवाळ्याच्या थंड सकाळी ते व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं. त्याच्यावर प्लस-मायनस लिहिलं असेल तर दिशा पाळा, उलटा लावलेला पोलराइज्ड डीसी एमसीबी लोडवर उघडला की जळतो.